लग्नाची तारीख आणि कार्डाची तारीख : एका इमिग्रेशन वकिलाच्या सेवेचे परीक्षण

अमेरिकेतील ग्रीन कार्डधारकाने, म्हणजे तिथल्या कायद्याच्या भाषेत कायम रहिवाशाने, परदेशात असलेल्या आपल्या जोडीदाराला सोबत राहायला कसे आणावे, या एका प्रश्नासाठी मी दोन निरनिराळ्या सेवांना पैसे मोजले. पहिली सेवा अर्ज भरून देणाऱ्या एका संकेतस्थळाची होती, तर दुसरी दोन वकील आणि तीन पॅरालीगल, म्हणजे वकिलांचे प्रशिक्षित सहायक, असलेल्या एका लहान कार्यालयाची. हे परीक्षण प्रामुख्याने दुसऱ्या सेवेचे आहे. पहिलीचा अनुभव सांगितल्याशिवाय दुसरीची किंमत कळणार नाही, म्हणून तोही येईल. निष्कर्ष आधीच सांगते. वकिलांनी दिलेल्या सल्ल्याचा पहिला एक तास मला अमूल्य वाटला, आणि त्यानंतर घेतलेले संपूर्ण पॅकेज मात्र मध्यम दर्जाचे निघाले.

माझे ग्रीन कार्ड नोकरीच्या आधारावर २०२२ च्या नोव्हेंबरअखेर मंजूर झाले आणि त्यानंतर अकरा आठवड्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, आमचे लग्न झाले. हा क्रम आम्ही विचारपूर्वक ठरवला होता. एकदा कार्ड हातात आले की पुढचे सगळे सोपे होईल, असे घरातील मोठ्यांपासून कार्यालयातील सहकाऱ्यांपर्यंत प्रत्येकाचे मत होते, आणि आम्हालाही ते पटले होते. कंपनीने नेमलेल्या वकिलांकडे माझी फाइल कित्येक वर्षे होती, पण तुमचे लग्न ठरले आहे का, ठरले असेल तर ते केव्हा होणार आहे, असे त्यांच्याकडून मला कधीही विचारले गेले नाही. त्यांचे लक्ष कंपनीच्या अर्जापुरते होते. मीही आपण होऊन काही विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही आहे हेच मला ठाऊक नव्हते.

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी त्या संकेतस्थळावर नाव नोंदवले. ४०० डॉलर शुल्क, शिवाय सरकारी फी वेगळी, असा त्यांचा हिशेब होता. जोडीदारासाठीचा मूळ अर्ज म्हणजे आय-१३०, आणि त्याला जोडून जोडीदाराची माहिती देणारा आय-१३०ए. आय-१३० ची सरकारी फी तेव्हा ५३५ डॉलर होती. १ एप्रिल २०२४ पासून ती कागदी अर्जाला ६७५ आणि ऑनलाइन अर्जाला ६२५ डॉलर झाली. संकेतस्थळाची प्रश्नावली नीटनेटकी होती, अर्जही सुवाच्य छापून आले. मात्र आय-१३०ए वर माझ्या पतींची शाईतील सही हवी, असा त्यांचा आग्रह होता, आणि ती सही कुरियरने मागवण्यात, पहिले पाकीट हरवल्यावर दुसरे मागवण्यात आमचे तीन आठवडे गेले. पुढे वकिलांनी दाखवून दिले की जोडीदार अमेरिकेबाहेर राहत असेल, तर आय-१३०ए भरून जोडावा लागतो, पण त्यावर त्याच्या सहीची आवश्यकता नसते. हे अर्जासोबतच्या सरकारी सूचनांमध्येच लिहिलेले आहे. या तीन आठवड्यांची किंमत केवळ मनस्तापाची नव्हती. अर्ज सरकारदरबारी पोहोचला तो दिवस हीच आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतील आपली जागा. ती तीन आठवड्यांनी मागे गेली ती कायमची.

आमचा अर्ज एप्रिल २०२३ च्या पहिल्या आठवड्यात पोहोचला. त्याच महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कोणत्या तारखेपर्यंत आली हे सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकात, आमच्या वर्गवारीची तारीख, जी जुलै २०१९ पासून सर्वांसाठी खुली होती, एकदम ८ सप्टेंबर २०२० वर मागे आली. त्या संकेतस्थळाला मी याचा अर्थ विचारला, तेव्हा आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही, असे एका ओळीचे उत्तर मिळाले. हे उत्तर प्रामाणिक होते, हे मी मान्य करते. अर्ज भरून देणाऱ्याला कायदेशीर सल्ला देण्याची परवानगी नसते, आणि त्यांच्या अटींमध्येही ते बारीक अक्षरात नमूद होते. मी मात्र अर्ज विकत घेताना सल्लाही मिळेल असे गृहीत धरले होते.

जूनमध्ये एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी या वकिलांच्या कार्यालयाशी संपर्क साधला. एका तासाच्या सल्ल्याचे २५० डॉलर आणि पुढे त्यांच्याकडेच काम दिल्यास ती रक्कम एकूण शुल्कातून वजा, अशी त्यांची पद्धत आहे. आदल्या दिवशी त्यांनी एक छोटे टिपण भरून मागितले होते. व्हिडिओवर वकीलबाई आल्या, त्यांनी ते टिपण समोर ठेवले आणि पहिले दोनच प्रश्न विचारले : कार्डावर ‘रहिवासी दिनांक’ कोणता आहे, आणि विवाहाच्या दाखल्यावर विवाहाचा दिनांक कोणता आहे. मी दोन्ही तारखा सांगितल्या. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “लग्न आधी झाले असते तर आपण आज वेगळ्या गोष्टीबद्दल बोलत असतो. ते आता बदलता येणार नाही, पण का ते तुम्हाला समजले पाहिजे.” मला त्यांचा हा स्पष्टपणा फार महत्त्वाचा वाटला, कारण गेलेल्या संधीचा उल्लेख टाळून त्यांना थेट पुढच्या कामाकडे वळता आले असते.

त्यांनी समजावून सांगितलेला नियम असा. नोकरीच्या किंवा कौटुंबिक प्राधान्याच्या वर्गवारीतून ज्याला कार्ड मिळते, त्याचे लग्न कार्ड मंजूर होण्यापूर्वी झालेले असेल, तर जोडीदाराला त्याच मूळ अर्जाच्या आधारे मागाहून येता येते. त्यासाठी नवा आय-१३० भरावा लागत नाही, नवी रांग लावावी लागत नाही. मूळ अर्जदाराचीच प्रायॉरिटी डेट जोडीदाराला मिळते, आणि कार्ड अमेरिकेतच मंजूर झाले असेल तर आय-८२४ हा अर्ज भरून परदेशातील कॉन्सुलेटला तसे कळवण्याची विनंती करता येते. लग्न कार्ड मंजूर झाल्यानंतरचे असेल, मग ते एका दिवसाने का असेना, तर हा रस्ता बंद होतो. आमचे अकरा आठवडे इथे आडवे आले. लगेच त्यांनी असेही सांगितले की हा मार्ग हमखास होता असे समजून हळहळू नका, कारण मागाहून येणाऱ्या जोडीदारासाठीही त्या वेळी मूळ वर्गवारीत तारीख खुली असावी लागते, आणि नोकरीच्या काही वर्गवाऱ्यांत तारखा वर्षानुवर्षे मागे असतात. माझ्या मनाला त्याने थोडा आधार मिळाला. पण लग्नाचा दिवस ठरवताना हा प्रश्न आमच्यासमोर असायला हवा होता, हे मत मी बदललेले नाही.

मग राहिली ती आमची खरी वर्गवारी, एफ२ए. कायम रहिवाशाचा जोडीदार आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले यांच्यासाठी असलेला हा कौटुंबिक प्राधान्याचा वर्ग आहे. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला संख्येची मर्यादा नाही. रहिवाशाच्या जोडीदाराला आहे, आणि सगळा फरक या एका गोष्टीतून निर्माण होतो. कौटुंबिक प्राधान्याच्या सर्व वर्गांना मिळून दर आर्थिक वर्षी किमान २,२६,००० व्हिसा असतात, त्यातील १,१४,२०० दुसऱ्या वर्गाला, आणि त्यातील किमान ७७ टक्के एफ२एला. एफ२एच्या या वाट्यापैकी तीन चतुर्थांश व्हिसांना प्रत्येक देशासाठीची मर्यादा लागू होत नाही, त्यामुळे नोकरीच्या वर्गवाऱ्यांत भारतात जन्मलेल्यांची जशी वेगळी आणि लांब रांग आहे, तशी इथे नाही. ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. तोपर्यंत मी नोकरीच्या तक्त्यातील भारताचा रकाना पाहून रात्र रात्र जागत होते.

व्हिसा बुलेटिन कसे वाचावे, यावर त्यांनी दहा मिनिटे खर्च केली आणि ती दहा मिनिटे मला पुढे प्रत्येक महिन्यात उपयोगी पडली आहेत. परराष्ट्र खाते दर महिन्याला दोन तक्ते प्रसिद्ध करते. पहिल्या तक्त्यातील तारखेच्या आधीची ज्याची प्रायॉरिटी डेट, त्याला व्हिसा देता येतो. दुसऱ्या तक्त्यातील तारखेच्या आधी ज्याची डेट, त्याने कागदपत्रे सादर करायला सुरुवात करावी. जोडीदार परदेशात असेल तर हा दुसरा तक्ता नॅशनल व्हिसा सेंटरमधील, म्हणजे परदेशातील मुलाखतीआधी कागदपत्रे गोळा करणाऱ्या सरकारी केंद्रातील, कागदपत्रांसाठी धरला जातो. जोडीदार अमेरिकेतच असेल आणि तिथूनच आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, भरणार असेल, तर त्या महिन्यात कोणता तक्ता चालेल हे यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज हाताळणारे सरकारी खाते, स्वतंत्रपणे जाहीर करते. तारीख पुढे जाते, थांबते, कधी मागेही येते. वकीलबाईंनी आम्हाला किती महिने लागतील याचा आकडा सांगण्यास ठाम नकार दिला. जो वकील नेमका महिना सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, असे त्या म्हणाल्या, आणि मला हा नकार त्यांच्या सेवेतील गुणच वाटतो.

यानंतर मी माझी यादी काढली. मंगेतर व्हिसा, के-३, व्ही व्हिसा, अशी बरीच नावे मी वाचून ठेवली होती. त्यांनी ती भराभर खोडली. मंगेतर व्हिसा, म्हणजे के-१, फक्त अमेरिकी नागरिकाच्या नियोजित जोडीदारासाठी आहे, आणि के-३ फक्त नागरिकाच्या विवाहित जोडीदारासाठी. व्ही व्हिसा खरोखर आमच्यासारख्यांसाठीच निर्माण झाला होता, पण तो ज्यांचा आय-१३० अर्ज २१ डिसेंबर २००० रोजी किंवा त्यापूर्वी दाखल झाला त्यांच्यापुरताच आहे, त्यामुळे आज लग्न करणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही.

पर्यटक व्हिसाचा विषय मात्र त्यांनी गांभीर्याने घेतला. संकेतस्थळाच्या ‘पर्याय’ या पानावर, अर्ज प्रलंबित असताना जोडीदाराने पर्यटक म्हणून येऊन भेटावे, असे सहजपणे लिहिलेले होते. कायद्याने त्याला बंदी नाही, पण पर्यटक व्हिसा मागणाऱ्याने परत जाण्याचा आपला हेतू सिद्ध करायचा असतो, आणि तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, हा प्रश्न त्या व्हिसाच्या अर्जातच असतो. खरे उत्तर दिले की नकाराची शक्यता बरीच वाढते; खोटे उत्तर दिले तर पुढचे ग्रीन कार्डच धोक्यात येते. विद्यार्थी व्हिसाचीही अडचण हीच. मी त्यांना स्पष्टच विचारले की पर्यटक म्हणून येऊन इथेच राहावे आणि इथूनच अर्ज करावा, असे काही लोक सुचवतात, त्याचे काय. त्यांनी तसे काम आपण हाती घेत नाही, असे सांगितले आणि कारणही दिले. रहिवाशाच्या जोडीदाराला अमेरिकेतून आय-४८५ भरायचा असेल, तर भरताना तारीख खुली हवी, वास्तव्य सतत वैध असायला हवे आणि विनापरवाना काम केलेले नसावे. वैध मार्गाने आत येऊन पुढे मुदत उलटलेल्या व्यक्तीला नागरिकाचा जोडीदार म्हणून जी माफी मिळते, ती रहिवाशाच्या जोडीदाराला मिळत नाही. म्हणजे पर्यटक म्हणून आलेली व्यक्ती रांगेत उभी असतानाच बेकायदा ठरते, आणि मग रांगेचा उपयोगच उरत नाही.

पतींच्या स्वतःच्या गुणवत्तेवर मिळू शकणारे दोन व्हिसा तेवढे त्यांनी विचारात घेण्यासारखे मानले. नोकरीसाठीचा एच-१बी आणि कंपनीअंतर्गत बदलीसाठीचा एल-१ या दोन्हींत स्थायिक होण्याचा हेतू असला तरी अडचण येत नाही. एच-१बी मध्ये दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा असून निवड सोडतीने होते. एल-१ साठी गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष त्याच कंपनीच्या किंवा तिच्याशी संलग्न कंपनीच्या परदेशी शाखेत व्यवस्थापक म्हणून किंवा विशेष ज्ञान असलेल्या पदावर काम केलेले असावे लागते. माझ्या पतींच्या कंपनीची अमेरिकेत शाखाच नाही, म्हणून दुसरा पर्याय तिथेच संपला. पहिल्यासाठी नोकरी देणारी कंपनी आणि नशीब दोन्ही हवे होते. याच ओघात त्यांनी एक इशारा दिला, जो मला लागू नव्हता, पण अनेकांना लागू पडेल म्हणून लिहिते. जोडीदार एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत राहत असेल आणि एच-१बीधारकाला कार्ड मिळाले, तर एच-४ चा आधारच संपतो. त्यामुळे अशा जोडप्यांनी जोडीदाराचा आय-४८५ केव्हा आणि कशाच्या आधारावर भरायचा, हे कार्ड मंजूर होण्याआधीच वकिलाला विचारून घ्यावे.

तासाचा सर्वांत उपयोगी भाग अखेरच्या वीस मिनिटांत आला, आणि तो माझ्या स्वतःच्या हालचालींविषयी होता. एफ२ए इतकाच महत्त्वाचा मार्ग म्हणजे मी स्वतः नागरिक होणे. कार्ड मिळून पाच वर्षे झाल्यावर नागरिकत्व मागता येते आणि एन-४०० हा अर्ज त्याआधी ९० दिवसांपर्यंत भरता येतो. माझ्या बाबतीत तो महिना ऑगस्ट २०२७ येतो. तीन वर्षांत नागरिकत्व मिळते असे जे ऐकायला मिळते, ते अमेरिकी नागरिकाशी लग्न करणाऱ्यांसाठी आहे. मी ज्या दिवशी नागरिकत्वाची शपथ घेईन, त्या दिवशी माझा जुना आय-१३० अर्ज आपोआप नागरिकाच्या जोडीदाराचा अर्ज ठरेल आणि संख्येची मर्यादा संपेल. नागरिकत्वाच्या दाखल्याची प्रत तेवढी फाइल जिथे असेल तिथे पाठवायची. म्हणजे दोन रांगा एकाच वेळी पुढे सरकत असतात आणि जी आधी संपेल ती आपली.

आता यातील पेच असा की पाच वर्षांच्या या काळात किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावे लागते, आणि एकाच वेळी सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास सलग वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते. ते तसे नाही, हे आपल्याला पुराव्यानिशी दाखवावे लागते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित होतेच. मी त्यांना सांगितले की मला एक वर्ष बिनपगारी रजा मिळू शकते आणि ती घेऊन पतींजवळ जाऊन राहण्याचा आमचा विचार आहे. लग्नानंतर आम्ही एकूण सव्वीस दिवस एकत्र काढले होते. त्यांनी हा विचार मोडून काढला नाही. त्याची किंमत मात्र पुढ्यात मांडली. आय-१३१ भरून दोन वर्षांपर्यंतचा पुनर्प्रवेश परवाना घेता येतो, तो अर्ज भरताना अमेरिकेत हजर असावे लागते, आणि त्या परवान्यामुळे केवळ दीर्घ अनुपस्थितीच्या कारणावरून कार्ड सोडून दिले असे ठरवले जात नाही. मात्र तो परवाना नागरिकत्वासाठीच्या सलग वास्तव्याचे रक्षण करत नाही. शिवाय एफ२ए अर्ज जिवंत राहण्यासाठी मी रहिवासी राहिले पाहिजे. म्हणजे एकत्र राहण्यासाठी मी वर्षभर गेले असते, तर कायमचे एकत्र राहण्याचा दिवसच लांबला असता.

त्या रात्री आम्ही दोघांनी हा हिशेब कागदावर मांडला आणि वर्षभराच्या रजेऐवजी दर वर्षी दोन वेळा सहा-सहा आठवडे जायचे, असे ठरवले. हा निर्णय सुखाचा नव्हता. पण तो समजून उमजून घेतलेला होता, आणि त्या २५० डॉलरच्या बदल्यात मला नेमके तेच हवे होते.

एका लहान मुद्द्याचाही उल्लेख करते. भविष्यात मूल झाले आणि ते परदेशात असेल, तर काय होईल, हे त्यांनी न विचारता सांगितले. एफ२एमध्ये मुलाला आईच्या किंवा वडिलांच्या अर्जातच सामावून घेता येते. अर्जदार नागरिक झाला की ही सोय संपते आणि प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. नागरिकत्व मिळाल्यावर सगळेच सोपे होते, या समजुतीला इथे छेद जातो, आणि ज्या कुटुंबांत आधीपासून मुले आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तासाच्या शेवटी मी २,४०० डॉलरचे पुढचे पॅकेज घेतले. त्यात आय-१३० अर्जावर वकील म्हणून नोंद करणारा जी-२८, नॅशनल व्हिसा सेंटरचे सर्व काम, आर्थिक जबाबदारीचा आय-८६४, व्हिसाचा ऑनलाइन अर्ज डीएस-२६० आणि मुलाखतीची तयारी एवढे समाविष्ट होते. सरकारी फी वेगळी : व्हिसासाठी ३२५ डॉलर आणि आय-८६४ साठी १२० डॉलर. करारपत्र वाचायला सोपे होते आणि काय समाविष्ट नाही हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. उदाहरणार्थ, जादा पुराव्याची मागणी आल्यास उत्तर देण्याचे ६०० डॉलर वेगळे. करार असा स्पष्टपणे लिहिलेला असावा, अशी अपेक्षा प्रत्येकाने ठेवावी.

पुढची सेवा मात्र त्या पहिल्या तासाच्या तोडीची नव्हती. अठरा महिन्यांत आमच्या फाइलवर तीन पॅरालीगल बदलले आणि प्रत्येक नव्या व्यक्तीने विवाहाचा दाखला पुन्हा मागितला. साध्या प्रश्नाला उत्तर यायला आठ-नऊ दिवस लागत. वकीलबाई स्वतः बोलल्या तेव्हा नेहमीच नेमके बोलल्या, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला दोनदा आठवण करावी लागे. सर्वांत गंभीर चूक आय-८६४ मध्ये झाली. या अर्जात अर्जदाराचे उत्पन्न कुटुंबाच्या आकारमानानुसार ठरणाऱ्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचे दाखवायचे असते, आणि येणारा जोडीदारही त्या आकारमानात मोजायचा असतो. त्यांच्या मसुद्यात मी एकटीच मोजले गेले होते. माझे उत्पन्न दोघांसाठीही पुरेसे होते, त्यामुळे निकालावर परिणाम झाला नसता, परंतु शपथेवर सही करायच्या कागदात चुकीचा आकडा होता आणि तो मी स्वतः वाचला म्हणून सापडला. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, मसुदा दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिला आणि पुढचे सर्व कागद वकीलबाईंच्या नजरेखालून जाऊ लागले. चूक कबूल करण्यात त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, हे नोंदवणे मला न्यायाचे वाटते.

याच आय-८६४ बाबत त्यांनी केलेले एक काम मात्र उत्तम होते. सही करण्यापूर्वी त्यांनी अर्धा तास वेगळा काढून या कागदाचा अर्थ सांगितला. हा केवळ उत्पन्नाचा दाखला नसून सरकारशी केलेला करार आहे. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत, किंवा तो अमेरिका कायमची सोडेपर्यंत, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ही जबाबदारी राहते, आणि घटस्फोटाने ती संपत नाही. आमच्या नात्यात असा प्रश्न येईल असे मला वाटत नाही. तरीही सही करणाऱ्या प्रत्येकाला हे आधी माहीत असावे. संकेतस्थळाच्या यादीत याच कागदाचे नाव ‘उत्पन्नाचा फॉर्म’ एवढेच होते.

लांबलेल्या प्रतीक्षेने एक गोष्ट आमच्या बाजूने केली. जोडीदार कायम रहिवासी म्हणून आत येतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर त्याला दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून अट काढून घ्यावी लागते. आमच्या लग्नाला फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन वर्षे झाली, त्यामुळे हा टप्पा आमच्या वाट्याला येणार नाही.

या सेवेची शिफारस मी कोणाला करेन, याचे उत्तर दोन भागांत देते. ज्यांची कागदपत्रे सरळ आहेत, पूर्वी कोणताही व्हिसा नाकारला गेलेला नाही, आणि इंग्रजी अर्ज शांतपणे वाचण्याची तयारी आहे, त्यांनी अर्ज स्वतः भरावेत आणि पैसे फक्त सल्ल्याच्या तासावर खर्च करावेत, असे मला वाटते. आय-१३० ऑनलाइन भरता येतो आणि सरकारी सूचना, लांब असल्या तरी, समजण्यासारख्या असतात. पूर्वीचे लग्न, मुदत उलटून राहिल्याचा इतिहास, एखादा गुन्हा किंवा कागदपत्रांतील नावांचा घोळ असेल, तर संपूर्ण पॅकेज घ्यावे, पण प्रत्येक मसुदा स्वतः ओळीनओळ तपासावा. सल्ला कोण देत आहे हेही पाहावे. इमिग्रेशनचा कायदा संघराज्याचा असल्यामुळे वकील कोणत्याही एका राज्याच्या बारचा, म्हणजे तिथल्या वकील संघटनेचा, सदस्य असला तरी चालतो, आणि त्याची नोंद त्या बारच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत तपासता येते. ज्यांना एवढे शुल्क परवडत नाही, त्यांच्यासाठी न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्था आणि त्यांचे अधिकृत प्रतिनिधी कमी दरात हेच काम करतात. ‘कन्सल्टंट’ किंवा ‘नोटरी’ एवढीच पाटी लावणाऱ्या कोणाकडूनही सल्ला घेऊ नये, कारण तो देण्याचा अधिकारच त्यांना नसतो.

आमचा आय-१३० मंजूर झाला आहे आणि नॅशनल व्हिसा सेंटरने कागदपत्रे पूर्ण असल्याचे कळवले आहे. मुलाखतीच्या तयारीचे सत्र पॅकेजमध्ये शिल्लक आहे. ते अर्ध्या तासाचे असून त्यात मला आणि पतींना दोघांना एकत्र बसवावे, अशी विनंती मी केली आहे आणि ती मान्य झाली आहे. दरम्यान माझ्या एका धाकट्या सहकारी मुलीचे कार्ड मंजुरीच्या उंबरठ्यावर आहे आणि तिचे लग्नही ठरले आहे. तिला मी याच वकीलबाईंचा पत्ता दिला. पत्रिका छापण्यापूर्वी तो एक तास घे, आणि जाताना दोन्ही तारखा लिहून ने, एवढेच तिला सांगितले.